काळं होतंय का?

"काळं होतंय का?" मी विचारलं.

"होतंय की," अक्का म्हणाली आणि माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली. "पर रत्ना, जेवताना काय इचारतीस गं हे? शेजारी माणसं जेवाय बसल्यात."

"माणसांना काय कळतंय आपण कशाबद्दल बोलतोय ते?"

"न कळाय काय झालं? सगळ्या तालुक्याला ठावं हाय माजी भण कशाची चौकशी करत फिरती ती."

पलीकडच्या बाकावरचा एसटीचा कंडक्टर रश्श्यात भाकरी बुडवता बुडवता फसकन हसला. मला काही लाज वाटली नाही. उलट बरंच वाटलं. "शाब्बास अक्के," म्हटलं आणि जेवायला लागले.

ही चौऱ्याण्णव सालच्या जुलैमधली गोष्ट. मी तेव्हा गडहिंग्लज तालुक्यात आरोग्यसेविका होते. गावात आम्हाला नर्सबाई म्हणतात. माझ्याकडे पाच गावं होती आणि त्या पाच गावांत मी काय वाटलं असेल तर लोहाच्या गोळ्या. लाल रंगाच्या, मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून यायच्या. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला, गरोदर बाईला मी कागदाच्या पुडीत बांधून शंभर गोळ्या द्यायचे. आणि त्या गोळ्यांचा बायकांना मनस्वी कंटाळा. कुणाला मळमळायचं, कुणाला तोंडाला लोखंडाची चव यायची. त्यातून परसाकडेला काळं व्हायचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका नव्या सुनेनं ते बघून घाबरून रडारड केली आणि सगळ्या वाडीनं गोळ्या ओढ्यात फेकल्या. तेव्हापासून पुडी देताना मी एक भाषण पाठच करून ठेवलं होतं. "जेवण झाल्यावर घ्यायची. चहाबरोबर नाही. शी काळी होईल. घाबरायचं नाही, ते लोह आहे." इतक्या वेळा म्हटलं असेन की मी गावात शिरले की पोरी रांगेत उभ्या राहून ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवायच्या.

एवढं करूनही बायका गोळ्या गिळायच्या नाहीत ते नाहीतच. मग मी पोलिस झाले. कुणाच्याही घरी गेले की आधी परसात चक्कर. जास्वंदीच्या बुडात बघ, म्हशीच्या दावणीत बघ, चुलीच्या राखेत काडी घालून बघ. लाल गोळी सापडली की त्या बाईची खैर नसायची. पण माझा हुकमी डाव वेगळा होता. "गोळी घेतेस का?" असं मी विचारायचेच नाही. त्याला सगळ्या हो म्हणतात. मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे आणि मध्येच सहज विचारायचे, "काळं होतंय का?" गोळी न गिळणारी हमखास फसायची. "न्हाई बाई, चांगलं पिवळं होतंय की," म्हणायची आणि सापडायची. "मला फसवणारी बाई अजून जन्माला यायचीय," असं मी मिटिंगमध्ये छाती काढून सांगायचे. आमचे मेडिकल ऑफिसरसुद्धा हसायचे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, हौसाक्का. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. माझ्या वेण्या घातल्या अक्कानं, शाळेत घातलं अक्कानं, नर्सच्या ट्रेनिंगला पाठवलं तेही तिनंच. नवरा लवकर गेला, पोटी मूलबाळ नाही. गडहिंग्लजच्या स्टँडजवळ तिची खानावळ होती, पुढं चार बाकडी आणि मागं चूल नि परस. भाकऱ्या थापायला तानूमावशी. बाकी सगळं अक्का. पहाटे पाचला चुलीसमोर उभी राहायची ती दुपारी तीनपर्यंत. कंबर धरायची, गुडघे धरायचे. मग समोरच्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायची आणि उपाशीपोटीच घोटभर चहाबरोबर टाकायची. एक सकाळी, एक दुपारी. कित्येक वर्षं. मला ते ठाऊक होतं. "सारख्या घेऊ नकोस गं," एवढं म्हणून मी सोडून दिलं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तालुक्याला आमची मिटिंग असायची आणि मी जेवायला अक्काकडं. मे महिन्यात तिचा चेहरा मला पांढुरका वाटला. तिथंच उजेडात नेऊन डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. कागदासारखी! नखंही तशीच. पर्समधून पुडी काढली, भाषण केलं. अक्का हात जोडून म्हणाली, "समजलं नर्सबाई. घाबरायचं न्हाई, ते लोह हाय." तानूमावशी पोट धरून हसली. सगळ्या बायकांना मी पहिली गोळी समोर गिळायला लावायचे. अक्काला नाही लावली. अक्कावर कोण पहारा करणार?

जुलैतल्या त्या गुरुवारी मला आणखी एक दिसलं होतं. अक्काचं पोलकं सैल झालं होतं. खांद्याला सेफ्टी पिन लावून तिनं ते आवळलं होतं.

"तू जेवत नाहीस का गं?"

"आज गुरुवार न्हवं? उपास."

"आणि सोमवारी?"

"सोमवारबी धरलाय."

"शनिवार राहिला असेल बिचारा."

"त्योबी धरलाय," अक्का हळूच म्हणाली.

"अक्के, देवाला किती छळशील? माणसानं जेवायचं कधी मग?"

"तुज्यासाठीच धरल्यात. तुजी कूस उजवू दे म्हणून. आठ वर्सं झाली लग्नाला. तू गप."

झालं. माझं तोंड बंद. या एका विषयावर मला बोलता यायचं नाही आणि अक्काला ते चांगलं माहीत होतं. मी हात धुवायला परसात गेले. धुण्याच्या दगडाशेजारी कढीपत्त्याचं झाड होतं. उन्हाळ्यात नुसत्या चार काटक्या होत्या. आता कंबरेएवढं होऊन पानांनी गच्च भरलं होतं.

"कढीपत्ता काय माजलाय गं तुझा! काय घालतीस याला?"

"ताक," अक्का म्हणाली.

भाकरी थापता थापता तानूमावशीला ठसका लागला. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, धूर लागला असेल. मी घरी न्यायला ओंजळभर पानं तोडून घेतली.

ऑगस्टची मिटिंग कसल्याशा लसीकरणाच्या गडबडीत रद्द झाली. सप्टेंबरच्या गुरुवारी गेले तर पुढं वाढायला तानूमावशी एकटीच. गिऱ्हाईक ओरडत होतं, तिच्या हाताला पीठ तसंच.

"अक्का कुठाय?"

"मागं हाय. तू जा बाई आत, माजं न्हाई ऐकत ती."

परसात गेले तर अक्का धुण्याच्या दगडाला धरून वाकली होती. उलटी होत होती. साधी नव्हे, तांब्या भरेल एवढी. मी पाठीवर हात ठेवला. हाताला नुसती हाडं लागली.

"काय खाल्लंस आज?"

"कुटं काय? गुरुवार हाय न्हवं."

मी खाली बघितलं. दगडाच्या कडेला मटकी पडली होती. मोड आलेली, अख्खी.

"मग ही मटकी कुठली?"

दारात तानूमावशी येऊन उभी होती. ती म्हणाली, "मटकी परवा मंगळवारी केल्ती. दोन घास खाल्ली हुती तिनं. रोज असंच हुतंय बाई, कालचं आज पडतंय. म्हणून तर उपास धरती. खाल्लं की पोट फुगतंय, मग वकलं की बरं वाटतंय. मला शपथ घातलीया, रत्नाला सांगशील तर मेल्याचं तोंड बघशील म्हणून!"

"तानी, गप," अक्का म्हणाली. आणि तिला पुन्हा उलटी झाली. या खेपेला मटकी नव्हती. चहा गाळून उरलेला चोथा असतो ना, तसं काळपट, भुरभुरीत. ते काय असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पोटात साकळलेलं रक्त. मी "अक्के!" म्हणून ओरडले आणि ती माझ्या हातातून घसरून दगडावर बसलीच. अंग गार, घामानं थबथबलेलं.

गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, चिठ्ठी दिली आणि म्हणाले, थांबू नका. रोज जेवायला येणाऱ्या एका माणसाची जीप होती. तिच्यातून अक्काला कोल्हापूरला नेलं. वाटेत ती दोनदा शुद्धीवर आली. दोन्ही वेळा "आमटी खाली उतरवली का?" एवढंच विचारलं.

कोल्हापूरला पोटाचे डॉक्टर होते मुजावर म्हणून. वयानं तरुण, बोलणं हळू. त्यांनी अक्काच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना हात ठेवले आणि तिला जरासं हलवलं. अर्धी भरलेली कळशी कमरेवर हिंदकळते तसा आवाज आला. मला तो खाटेच्या पायथ्याशी ऐकू आला.

"सिस्टर, या तुमच्या कोण?"

"सख्खी बहीण."

"दुखण्याच्या गोळ्या घेतात?"

"वर्षानुवर्षं."

"जठराच्या खालच्या तोंडाशी जुनी जखम असणार," ते म्हणाले. "जखम होते, भरते, परत होते. दर वेळी वण पडतो. वणानं ते तोंड आवळत गेलंय. अन्न खाली उतरायला वाटच नाही. म्हणून परवाचं जेवण आज पडतंय. आणि आता त्या जखमेतून रक्त यायला लागलंय." मग कागदावरून डोळे न काढता त्यांनी विचारलं, "शी काळी होत होती का?"

"ती लोहाच्या गोळ्यांनी, डॉक्टर. मीच चालू केल्या होत्या. मे महिन्यापासून."

"हं. मग त्यावरून काही कळायचं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी तसं लिहिलं. लिहिता लिहिता बोलले, "अशा पोटाला लोहाच्या गोळ्याही सोसत नाहीत. जळजळ वाढवतात."

त्यांनी ते सहजच म्हटलं. पण माझ्या काळजात काटा मोडला. मीच दिल्या होत्या गोळ्या!

अक्काच्या नाकातून पोटात नळी घातली. भांडी भरून पाणी निघालं. आधी काळं, मग लालसर, मग हळूहळू निवळत गेलेलं. रक्ताच्या बाटल्या लागल्या. एक माझी, एक माझ्या मिस्टरांची, बाकीच्या रक्तपेढीतल्या. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. मी नर्स म्हणून मला आत उभं राहू दिलं. पडद्यावर ती जखम दिसली आणि तिच्या मधोमध एक शीर. डॉक्टरांनी सुईनं तिथंच इंजेक्शन दिलं आणि रक्त थांबलं. त्या आवळलेल्या तोंडातून दुर्बीण पुढं जाईना. पेन्सिलीचं टोक जाईल एवढंच भोक राहिलं होतं.

"आता पाच-सहा दिवस द्या," डॉक्टर म्हणाले. "उलट्यांनी अंगातले क्षार पार गेलेत, रक्तही कमी आहे. आत्ता फाडलं तर झेपणार नाही. ते भरून काढू. मग ऑपरेशन करून जठर खालच्या आतड्याला जोडू. अन्नाला नवी वाट मिळेल. मग भाकरी खातील."

"भाकरी खाईल?"

"खातील की. फक्त या पाच-सहा दिवसांत परत रक्त यायला नको."

मी ते पाच-सहा दिवस बोटांवर मोजायला लागले. शुक्रवार गेला. शनिवारी अक्काच्या गालाला जरा रंग आला. रविवारी तर तिनं वॉर्डच डोक्यावर घेतला. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेला आमटीचा मसाला कसा भाजायचा ते सांगत होती, नाकात नळी घेऊन! मला म्हणाली, "तानीला निरोप धाड, मीठ बेतानं घाल म्हणावं. माज्या माघारी गिऱ्हाईक पळवील ती."

मला हसू येईना. तीन दिवस मी तिच्यासमोर तोंडाला कुलूप लावून बसले होते. तिनं ते हेरलं. लहानपणापासून माझं काही लपत नाही तिच्यापासून.

"काय झालंय तुला? डॉक्टर काय म्हणाला?"

"काही नाही."

"रत्ना."

मग मला राहवलं नाही. खाटेच्या कडेवर डोकं ठेवून मी रडायलाच लागले. "माझ्या गोळ्यांनी तुझं पोट जाळलं गं अक्का! तुला सोसत नव्हत्या आणि मी शंभरावर शंभर देत गेले. दर महिन्याला विचारत गेले. मीच केलं हे."

अक्काचा हात माझ्या केसांत आला. सलाईनची पट्टी केसांना ओढत होती.

"उगी. हिकडं बघ. तुज्या गोळ्यांनी न्हाई झालं काय बी."

"डॉक्टरच म्हणाले—"

"डॉक्टरला काय ठावं? मी गिळल्या तर पायजेत!" तिनं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज बारीक केला. "एक गिळली हुती. पयल्या दिशी. दुसऱ्या दिशी वकले, तर ती तशीच भाईर पडली. मग म्हटलं, कशाला उगीच. बाकीच्या सगळ्या कढीपत्त्याला घातल्या."

"कशाला घातल्या?"

"कढीपत्त्याला. बुडात. रोज एक." तिला हसू फुटलं, तशी नळी हलली आणि तिनं नाक धरलं. "तू इचारलंस न्हवं, काय घालतीस म्हणून? तवा तानी काय हसली माजी बाई! मला वाटलं, आता ही सगळं फोडती."

मी डोकं वर केलं. खरं सांगते, पहिला एक क्षण माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. माझ्या गोळ्यांनी नाही झालं! मी तिच्या दंडावर चापट मारली. "चोरटे! मला फसवलंस? मला?"

"मग! भण कुणाची?"

मी हसत होते. हसता हसताच ते माझ्या ध्यानात आलं.

"अक्का," मी म्हटलं, "मग काळं कसं होत होतं?"

"त्ये आपलं हुतंच हुतं की. बेंदराच्या आदीपासनं, पाऊस लागला तवापासनं. पयल्यांदा मला लई भ्या वाटलं. डांबरावाणी, चिकाट. पाणी वतलं तरी जात न्हवतं, अन् घाण तर असली मारायची! म्हटलं, तू आलीस की तुला इचारावं. तर तूच आलीस अन् इचारलंस, काळं होतंय का? होतंय म्हटल्याबरोबर शाब्बास म्हणालीस." अक्का समाधानानं उशीला टेकली. "मग माजा जीव भांड्यात पडला. म्हटलं, असंल काळं हुणं चांगलं. अन् गोळी न खाताच हुतंय तर बरंच झालं की. रत्नाला खोटं बोलाय नको."

शेजारच्या खाटेवर कुणीतरी मोसंबी सोलत होतं. त्याचा वास आला.

"आता गेला न्हवं तुज्या मनातला घोर?" अक्कानं विचारलं.

तिनं ते गुपित मला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. तिच्या जिवावर बेतलं होतं आणि ती माझं ओझं उतरवत होती. मी तिचा हात घट्ट धरला.

"गेला अक्का."

"खरं?"

"खरंच. बरं केलंस सांगितलंस ते."

"मग तोंड कशापायी पाडलंस?"

"भूक लागलीय."

"मग जा की! जेवून ये. हिथल्या कँटीनची भाकरी खाऊ नको पर, कच्ची असती. भात खा."

बाहेर जिन्यापाशी डॉक्टर मुजावर भेटले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तीन महिने रक्त जात होतं."

"हो."

"चिकट होती का, वास होता का, हे तुम्ही विचारलं नव्हतं, सिस्टर?"

"नाही. नुसतं काळं होतंय का, एवढंच विचारलं."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मी म्हटलं, "डॉक्टर, जुलैत आणली असती तर?"

"जुलैत..." ते म्हणाले आणि थांबले. "आता हे मनात घेऊ नका. त्यांनाही सांगू नका."

"तिला नाही सांगणार," मी म्हटलं.

सोमवारी दुपारी दोनच्या सुमाराला नळीतून एकदम लाल यायला लागलं. मी बाटलीकडं बघत होते, ती बघता बघता भरली. वॉर्डात धावपळ झाली. पुन्हा दुर्बीण घालून बघितली, शीर हाताशी लागेना. डॉक्टर म्हणाले, आता थांबता येत नाही, पोट उघडावंच लागेल. संमतीच्या कागदावर सही मीच केली.

स्ट्रेचरवर अक्काचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तरी डोळे उघडे होते.

"रत्ना, आज वार कुटला?"

"सोमवार."

"मग उपासच हाय माजा," ती म्हणाली. जरा हसलीही असेल. "तू जेवलीस?"

"जेवले."

"खोटं बोलतीस," अक्का म्हणाली आणि दार बंद झालं.

डॉक्टर पाच वाजता बाहेर आले. टोपी हातात होती. त्यांनी शीर बांधली होती, पण त्याच्या आधीच अंगात काही उरलं नव्हतं. टेबलावरच गेली माझी अक्का. त्यांनी आणखीही काही सांगितलं. मला फक्त त्यांच्या बुटांवरचा एक लाल ठिपका दिसत होता. त्याच रक्ताला मी शाब्बास म्हटलं होतं.

तेरावा झाल्यावर मी खानावळीत गेले. बाकडी उलटी करून ठेवली होती. परसात तानूमावशी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. मी तिच्यावर ओरडायचं ठरवून गेले होते. तीच आधी बोलली.

"रोज जेवणं आवरली की हिथं येऊन बसायची. बोटानं भोक पाडायची अन् एक गोळी पुरायची. मी म्हणायची, अगं फेक की उकिरड्यावर, कोण बघाय आलंय? तर म्हणायची, माज्या रत्नानं दिल्यात. वाया न्हाई घालवायच्या."

मी कढीपत्त्याच्या बुडाशी बसले. माती उकरली. दोन बोटं खाली गोळ्याच गोळ्या. लाल रंग धुऊन गेलेल्या, पांढऱ्या, ओलसर. दुसऱ्यांच्या परसात राख चाळत फिरणारी मी. या झाडाची ओंजळभर पानं तोडून घरी नेली होती आणि आमटीला फोडणी दिली होती. मी तिथंच मातीत लोळून रडले. तानूमावशीनं मला उठवलं नाही. तीही रडत होती.

मूल मला झालंच नाही. उपास कुणाचेच फळाला आले नाहीत.

पुढच्या महिन्यात कामावर गेले. पहिल्याच गावात एक नवी सून, पाचवा महिना, ओठ पांढरे. मी पुडी बांधली, तिच्या हातात दिली आणि सवयीनं बोलायला लागले. "जेवण झाल्यावर घ्यायची. चहाबरोबर नाही. शी काळी होईल—"

मी थांबले असं बघून दारात जमलेल्या चिमुरड्या पोरींनी एका सुरात, हुबेहूब माझ्या आवाजात पुरं केलं, "घाबरायचं नाही, ते लोह आहे!"

सून हसली. सासू हसली. उंबऱ्यावर त्या सुनेसमोर मांडी घालून बसले, तिचा हात हातात घेतला.

"हे बघ बाळ," मी म्हटलं, "गोळी गिळली नाहीस तर नाही म्हणून सांग. झाडाला घातलीस तर झाडाला घातली म्हणून सांग. मी रागावणार नाही."